जामीनदाराकडून वसूल

साहेब, आरोप उघड आहे. संपत कोकरेनं एक हप्ता चुकवलेला नसताना तुम्ही त्याला थकबाकीदार केलंत. पंख्याखाली बसून केलंत, चहा पीत केलंत! फॉर्म तुम्ही छापलात. त्यात दोनच रकाने ठेवलेत. दुनियेत माणसं दोनच जातीची असतात, असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही कुठल्या खुर्चीत बसता ते इथं लिहीत नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

आधी एक गोष्ट कबूल करतो, म्हणजे तुम्ही मध्येच बोट वर करायला नको. संपत एकदा बुडाला होता. खरं आहे. शहाण्णव साली कुरकुंभच्या चौकात 'कोकरे एसटीडी' असा पिवळा बोर्ड लागला. एमआयडीसीतली पाळी सुटली की रांग लागायची. बिहारचा गडी आत फोनवर रडायचा, मीटर पळायचं आणि संपत बाहेर हसायचा. त्या हसण्याच्या भरात त्यानं दौंडला दुसरा बूथ टाकला, तिसरा टाकला, तिन्हींवर कर्ज काढलं. मग मोबाईल आला. तोच बिहारचा गडी बूथच्या सावलीत उभा राहून स्वतःच्या मोबाईलवर रडायला लागला! वर संपतला विचारायचा, "भैया, यहाँ रेंज नहीं आता क्या?"

कोर्टानं त्याला नादार ठरवलं. बूथ, मोटारसायकल, घरामागची जागा, सगळं विकून ज्याचं त्याला वाटून दिलं. जे देणं फिटायचं राहिलं त्यातून दोन हजार सहा साली कोर्टानंच त्याला मोकळं केलं. त्या दिवशी संपत घरी आला, चप्पल काढायच्या आधी बायकोला म्हणाला, "तुळजे, आजपास्नं आपन कोरी पाटी! बघच तू. एखाद्या पाडव्याला ह्याच चौकात दुकान टाकतो. मोबाईल रिचार्जचं! ज्यानं मारलं त्याच्याच जिवावर जगून दावतो!"

तुळजाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आधी गहू आना. रोखीनं."

संपत तेव्हा एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं पोती उचलत होता. दीड वर्ष त्यानं मीठसुद्धा रोखीत आणलं. चौकात म्हस्कू टेंगल्यानं नवे गाळे काढले, त्यातला कोपऱ्याचा गाळा संपतच्या डोळ्यात भरला. म्हस्कू म्हणाला, "पाडव्यापतोर धरून ठेवतो. साठ हजार डिपॉझिट आन. न्हाई आनलंस तर गाळा दुसऱ्याचा."

संपत धुतलेला शर्ट घालून बँकेत गेला. तिथल्या साहेबांनी फाइल उघडली.

"नादारीनंतर काय काय घेतलंत?"

"काय बी न्हाई साहेब!" संपतची छाती शर्टाची बटणं तोडून बाहेर यायला लागली. "दीड वरीस झालं, कुनाचा पैसा शिवलो न्हाई!"

"तेच तर वाईट झालं."

"आं?"

"अहो, तुम्ही घेतलेलं फेडता की नाही हे कळायला आधी कुणाचं तरी घ्यायला नको का?"

"पन साहेब, मी सुधारलोय म्हनून तर घेत न्हाई!"

"सुधारलात, हे कागदावर कुठं दिसतं?" साहेबांनी फाइल मिटली. "छोटं कर्ज घ्या कुठूनतरी. सहा हप्ते वेळेवर भरा. तसा दाखला आणा. मग बघू."

दारू सोडलेल्या माणसाला डॉक्टरनं सांगावं की, 'सोडली म्हणता? मग रोज एक क्वार्टर घेऊन दाखवा, म्हणजे खात्री पटेल,' तसलाच हा प्रकार! पण संपतला दुकान पाहिजे होतं. तो उधारी शोधायला निघाला.

पहिला नंबर बन्सीच्या किराणा दुकानाचा.

"बन्सीशेठ, पाचशेचा किराना द्या. उधार लिवा."

बन्सीनं भिंतीवरच्या उधारीबंदच्या पाटीकडं बोट केलं.

"तसं न्हाई वो. पैसं हायती माझ्याकडं. हे बघा!" संपतनं खिशातून पाचशेची नोट काढून दाखवली.

"मग दे की."

"देनार. पन एक तारखेला. आन् मी वेळेवर दिलं, आसं तुमी मला लिहून द्यायचं."

बन्सी गल्ला सोडून उभा राहिला. "संपत, गेल्या टायमाला निदान पैसं नव्हतं म्हनून दिलं न्हाईस. आता पैसं हायती तरी देत न्हाई म्हंतोस? लई पुढं गेलास बाबा तू!"

संध्याकाळपर्यंत चौकभर झालं: संपत्या पुन्हा सुरू झाला!

दौंडच्या पतसंस्थांच्या पायऱ्या संपतला पाहिलं की चपला काढायच्या आतच 'लंच टाइम' म्हणायच्या. म्हणून त्यानं शिरूर गाठलं. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, हीच त्याची तिथली मोठी ठेव! पतसंस्थेत ज्ञानेश नावाचा क्लार्क होता. पोरगा मऊ, बोलायला गोड, आणि सर्क्युलरशिवाय पाणीसुद्धा न पिणारा.

"फ्रीजसाठी कर्ज मिळेल. बारा हप्ते, नऊशेचा एक. तालुक्यातला सातबारावाला जामीनदार पाहिजे."

जामीनदार एकच होता. कवठे येमाईचे तात्याबा! संपतचे सख्खे मामा, आणि मामाचीच पोर केलेली म्हणून सासरेही. वय सत्तर. उभी हयात मेंढरांमागं गेली. वीस वर्षांपूर्वी खांडवं, म्हणजे सगळा कळप, विकून चार एकर पाण्याखाली आणली, कांदा लावला, पण हौसेला चार-पाच मेंढे दारात बांधलेलेच. बोलणं मोजकं. शब्द म्हणजे लोखंडी खिळा, एकदा ठोकला की उपटायचा नाही.

"जामीन म्हंजी काय करायचं जावईबापू?"

"काय बी करायचं न्हाई मामा! सही करायची आन् इसरून जायचं."

ही संपतची पहिली चूक. तात्याबा कधी काही विसरले नव्हते. त्यांनी ज्ञानेशला ते कलम तीनदा वाचायला लावलं. "कर्जदाराने न भरल्यास जामीनदार सर्वस्वी जबाबदार राहील." तिसऱ्यांदा ऐकल्यावर मान हलवली, पटका सारखा केला आणि सही केली. 'सर्वस्वी' हा शब्द पटक्यात बांधून घरी घेऊन गेले.

फ्रीज आला. कुरकुंभला तेव्हा दिवसाचे दहा तास लाइट नसायची. फ्रीज म्हणजे दाराचं पांढरं कपाट! तुळजाबाईनं त्यात बाजरीचं पीठ ठेवलं. "उंदीर शिरत न्हाईत, तेवढा तरी उपेग," ती म्हणाली. शेजारची ताईबाई येऊन फ्रीज उघडून बघून गेली आणि गल्लीत सांगत सुटली, "खायला थंड काय न्हाई, आन् डब्बा नऊ हजाराचा!"

संपतला फ्रीजचं काही नव्हतं. त्याचा जीव हप्त्याच्या कार्डावर. एक ऑगस्ट. पहाटे उठून गाडी धरली, चौफुल्याला बदलली, न्हावऱ्यावरून शिरूर. रांग लावली, नऊशे भरले, कार्डावर शिक्का घेतला. परत यायला दुपार टळली. भाडं सत्तर रुपये, बुडालेली हजेरी नव्वद. नऊशेचा हप्ता भरायला एकशे साठ खर्च! पण तो निळा शिक्का बघत तो बसमध्ये नव्या नवरीसारखा लाजत होता. सप्टेंबरला दुसरा शिक्का. ऑक्टोबरला तिसरा. रात्री जेवल्यावर तो कार्ड काढून तुळजाबाईला दाखवायचा.

"तीन झालं. आनखी तीन. मग साहेब काय म्हंतोय बघू!"

"झोपा आता," ती म्हणायची. "शिक्का कुठं पळून जातोय?"

शिक्का पळाला नाही. दसरा आला!

आता हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून समजावून सांगतो. मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या आमच्या माणसांची एक रीत होती. दसरा झाला की कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचं. सहा-आठ महिने परत यायचं नाही. वाटेत कोण मरेल, कोण जगेल, कुणी सांगावं? म्हणून वेस ओलांडायच्या आधी गावातलं सगळं देणं फेडायचं. वाण्याचं, लोहाराचं, शेजारणीची वाटीभर साखरसुद्धा. देणं ठेवून जो गेला, त्याच्याकडं पुढच्या साली कुणी पोरगी देत नसे. तात्याबांचा कळप वीस वर्षांपूर्वी गेला, कोकणची वाट बंद झाली, पण दसऱ्याच्या आठवड्यात म्हातारा दारोदार जाऊन विचारायचाच, "माझ्याकडं कुनाचं काय ऱ्हायलंय का?"

त्या साली त्यांनी सगळं गाव फिरून झाल्यावर घरी येऊन विचार केला. त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. पण कागदावर सही होती. सर्वस्वी!

दसऱ्याच्या आधीचा बाजार. तात्याबांनी दोन मेंढे शिरूरला नेऊन विकले आणि तडक पतसंस्थेत गेले.

"संपत कोकऱ्याचं किती ऱ्हायलंय?"

"आठ हजार शंभर. पण आजोबा, ते थकलेलं नाही. अजून नऊ हप्ते आहेत."

"ऱ्हायलंय ना?"

"राहिलंय, पण..."

"मग घे."

नोटा टेबलावर. ज्ञानेशनं फॉर्म काढला. रकाने दोन. 'कर्जदाराने भरले' आणि 'जामीनदाराकडून वसूल'. पोरानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कर्जदार का जामीनदार?"

"जामीन!" तात्याबा असं म्हणाले, जसा फौजी पलटणीचं नाव सांगतो.

ज्ञानेशनं दुसऱ्या रकान्यात बरोबरची खूण केली. सर्क्युलरप्रमाणे जामीनदाराकडून वसुली झाली की कर्जदार आपोआप थकबाकीदारांच्या यादीत! तात्याबा पावती घेऊन उपरण्याला गाठ मारून निघाले आणि सोनं वाटायला वेळेत घरी पोचले. संपतला कळवलं नाही. चांगलं काम केलं की सांगत फिरायचं नसतं, ही त्यांची आणखी एक रीत!

एक नोव्हेंबर. संपत नऊशे रुपये मुठीत घेऊन खिडकीशी.

"खातं बंद झालंय," ज्ञानेश म्हणाला.

"बंद? कुनी केलं?"

"वसुली झाली ना. जामीनदाराकडून."

"अरं, वसुली कसली? मी थकलोच कवा?"

"तुम्ही थकला नाहीत, संपतभाऊ. पण यादीत थकलात." ज्ञानेशला मनापासून वाईट वाटत होतं. त्यानं पाणी दिलं.

"मग हे नऊशे घे, आन् मामांचं आठ हजार परत दे!"

"वसूल झालेली रक्कम परत करायला रकाना नाही."

संपत तसाच कवठ्याला गेला. तात्याबा कांद्याला पाणी देत होते. संपतनं सगळं सांगितलं. आवाज चढला, मग उतरला, मग भरून आला.

तात्याबा शांतपणे म्हणाले, "येवढं वाईट वाटून घ्यायचं न्हाई. आपल्याच घरचं हाय. पैसं सावकाश द्या. न्हाई दिलं तरी चालंल."

"मामा, मला पैसं फेडायचंच हुतं वो! मी फेडायसाठीच घेतलं हुतं!"

म्हाताऱ्यानं पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं आणि जावयाकडं काळजीनं बघितलं. "ऊन लागलंया तुमास्नी. सावलीला बसा."

पतसंस्थेच्या मॅनेजरांनी एक वाट काढली. जामीनदारानं स्वतः येऊन जबाब द्यायचा की कर्जदारानं हप्ते थकवले नव्हते. मग शेरा बदलता येईल का, ते वरती विचारता येईल. संपतला वाटलं, सुटलो! रस्ताभर त्यानं तात्याबांना पढवलं. "मामा, येवढंच म्हना, जावयानं थकवलं न्हाई. बास!"

"व्हय की. खरंच हाय ते."

मॅनेजरांनी चष्मा लावला. "तात्याबा, जावयानं हप्ते थकवले होते का?"

"न्हाई."

संपतनं डोळे मिटून खंडोबाला हात जोडले.

"मग तुम्ही का भरलंत?"

आणि इथं म्हातारा ताठ झाला! विचारणाऱ्यानं त्याच्या जामिनकीवरच बोट ठेवलं होतं ना. "आवो, थकल्यावं भरतो त्यो कसला जामीन? थकायच्या आत भरायचं! मानसाचं काय सांगावं? एकदा बुडालेला गडी हाय!"

मॅनेजर लिहीत गेले. 'कर्जदार पूर्वी बुडालेला असल्याने तो पुन्हा थकवील अशी जामीनदारास खात्री होती, सबब जामीनदाराने स्वखुशीने रक्कम भरली.' वाचून दाखवलं. तात्याबांनी सही केली. संपत तिथंच बाकावर बसला. शिरूरला त्याचं बुडणं कुणाला ठाऊक नव्हतं, ते आता पतसंस्थेच्या शिक्क्यानिशी कळलं!

पण अजून संपलं नव्हतं. नोव्हेंबरात सहकार सप्ताह आला. पतसंस्थेला सत्काराला माणूस पाहिजे होता. न मागता, न नोटीस येता, दुसऱ्याचं कर्ज हसत भरणारा जामीनदार! असला प्राणी संचालकांनी जन्मात पाहिला नव्हता. 'आदर्श जामीनदार' म्हणून तात्याबांना शाल, श्रीफळ! तुळजाबाईनं इस्त्रीची साडी काढली. "माझ्या बापाचा सत्कार हाय. तुमी यायचंच."

"तुळजे, मी आलो तर..."

"तोंड सरळ ठेवायचं आन् टाळ्या वाजवायच्या."

संपत तिसऱ्या रांगेत बसला. माईकवरचे पाहुणे रंगात आले. "बंधूंनो, जावई बुडाला होता! कोर्टानं नादार ठरवलेला! अशा माणसाला कुणी दारात उभं करील का? पण या थोर म्हाताऱ्यानं..." टाळ्या! "ते जावई आज इथं हजर आहेत. उभे राहा, जावईबापू, लाजू नका!"

संपत उभा राहिला. काय करणार? तीनशे माणसं मागं वळून बघत होती. त्यानं टाळ्या वाजवल्या. तात्याबा स्टेजवरून त्याच्याकडं बघून इतक्या मायेनं हसले, की त्याला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

जानेवारीत तो पतसंस्थेचा दाखला घेऊन बँकेत गेला. कशाला गेला? त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. कार्डावर तीन शिक्के होते, म्हणून गेला.

साहेबांनी दाखला वाचला. पुन्हा वाचला.

"संपतराव, गेल्या वेळी तुमच्याकडं काहीच नव्हतं."

"व्हय साहेब."

"तेच बरं होतं हो! आता तर तुम्ही थकबाकीदार आहात." मग बोट एका ओळीवर थांबलं. "हे तात्याबा कोण? यांना मात्र आम्ही आनंदानं कर्ज देऊ."

संपतनं कवठ्याला फोन केला. दुकानासाठी तुमच्या नावानं कर्ज काढा, असा निरोप गेला, उत्तर आलं. तात्याबांनी सांगितलं होतं, "कर्ज? मी? छा! कर्ज काढनाऱ्याला कोन इज्जत देतं?"

पाडव्याच्या आठवड्यात म्हस्कू टेंगलेच घरी आला. संपतनं हात जोडले. "म्हस्कूशेठ, न्हाई जमलं. गाळा दुसऱ्याला द्या."

"अरं थांब की. सत्काराचं सगळं कानावर आलंय माझ्या. तुझा सासरा जामीन ऱ्हातो म्हनं, थकायच्या आत भरतो म्हनं?"

"भरतो," संपत म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मग डिपॉझिट म्हैन्याम्हैन्यानं दे. गाळा आजच घे. फकस्त करार त्यांच्या नावानं. तुझ्या नावानं कसा करू? तू थकबाकीदार, गड्या."

संपतनं तुळजाबाईकडं बघितलं. तिनं फ्रीजमधून पीठ काढलं आणि परातीत ओतलं. "घ्या," ती म्हणाली. "नाव कुनाचं का आसंना, बसनार तर तुमीच."

तात्याबांनी करारावर सही केली. कर्ज नव्हतं ना, भाडं होतं. वर बजावलं, "म्हैन्याचं म्हैन्याला भरा, जावईबापू. न्हाईतर मी हायेच!" पाडव्याला कोपऱ्याच्या गाळ्यावर बोर्ड चढला: 'तात्याबा मोबाईल रिचार्ज'. पाळी सुटली की रांग लागते. पोरं काउंटरपाशी येऊन संपतला विचारतात, "चाचा, सेठजी कब आयेंगे?"

गिऱ्हाईक नसलं की संपत रकाने मोजत बसतो. कोर्टानं मोकळं केलं. बँकेनं घ्यायला सांगितलं म्हणून त्यानं घेतलं. तीन हप्ते त्यानं तारखेला भरले, नऊ म्हाताऱ्यानं तारखेच्या आधी. पतसंस्थेचा पैसा व्याजासकट आला. म्हाताऱ्याचे आठ हजार शंभर संपत महिन्याला तीनशेप्रमाणं देतोय, आणि म्हातारा ते घेत नाही म्हणून तुळजाबाईच्या हातानं त्यांच्या पटक्याखाली ठेवतोय. तर मग साहेब, बुडालं कुणाचं? नाव सांगा. एक नाव! आणि कुणाचंच बुडालं नसेल, तर ती खूण कुणाच्या सांगण्यावरून, आणि कधी पुसणार? वरती विचारतो म्हणू नका. वरती कोण बसतो, तेही लिहा. आठ दिवसांत लेखी उत्तर पाहिजे.

आणि पाकिटावर तेवढं नाव तात्याबांचं टाका. संपतच्या नावाचं पत्र हल्ली पोस्टमन बाहेरूनच परत नेतो. म्हणतो, बँकेची नोटीस असणार, कशाला त्रास!